ध्रुवीय डोंगरांत माती असते का? आणि हिमनदीचा ढिगारा ओळखायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत भूगोलात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने अंटार्क्टिकाच्या डोंगराळ भागावर प्रकल्प घेतला आहे. वर्गात तिला सांगितलं गेलं की तिथे माती नसतेच, नुसते दगड आणि बर्फ. तिने विचारलंय की हे खरं आहे का. हिमनदीने आणून टाकलेला ढीग आणि कड्यावरून कोसळलेला ढीग यांत फरक कसा करायचा? आणि मुंबईत राहून यातलं काही प्रत्यक्ष हाताळता येईल का?

मी भूवैज्ञानिक आहे. भारतीय मोहिमांबरोबर दोन उन्हाळे अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री स्थानकाच्या परिसरात काम केलं आहे. तिथला उन्हाळा म्हणजे आपले डिसेंबर-जानेवारी. आता मुलुंडला राहते. तिन्ही प्रश्न एकाच धाग्यात बांधलेले आहेत, म्हणून उत्तर जरा लांबेल.

माती असते. हे आधी स्पष्ट सांगते, कारण ‘नसते’ हे उत्तर मलाही कॉलेजात मिळालं होतं, आणि तिथे जाऊन स्वतः खड्डा खणेपर्यंत ते माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं.

माती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे देशावरची काळी येते, कोकणातली तांबडी येते, माथेरानच्या वाटेवर पावसाळ्यात चपलेला चिकटणारी येते. तिच्यात मुळं असतात, गांडुळं असतात, कुजलेला पाला असतो. हे चित्र घेऊन अंटार्क्टिकात गेलं तर माती दिसणारच नाही. तुमच्या शिक्षकांचा दोष म्हणाल तर तो व्याख्येचा आहे. मृदाशास्त्रातही बराच काळ माती म्हणजे झाडाला आधार देणारा थर, असंच धरलं जायचं. अमेरिकी मृदा-वर्गीकरणाच्या १९९९ च्या आवृत्तीत ही व्याख्या रुंदावली. मूळ द्रव्यापेक्षा वेगळे ओळखू येणारे थर तिथे तयार झाले असतील, म्हणजे काही भर पडली असेल, काही निघून गेलं असेल, काही वरचं खाली सरकलं असेल, काहीचं रूप पालटलं असेल, तर एकही मूळ नसलं तरी ती माती. हा बदल करताना अंटार्क्टिकाचा विचार झालेला होता. त्या अख्ख्या खंडावर फुलं येणाऱ्या देशी वनस्पती दोनच आहेत आणि त्या दोन्ही द्वीपकल्पाच्या बाजूला. बाकी ठिकाणी शेवाळ, सूक्ष्मजीव आणि दगडफूल. हो, आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याच गोतावळ्यातलं दगडफूल.

त्याच्या एकच वर्ष आधी, १९९८ मध्ये, गोठलेल्या जमिनींसाठी त्या वर्गीकरणात वेगळा गण आला, जेलिसॉल. जागतिक पद्धतीत त्यांना क्रायोसॉल म्हणतात. कसोटी सोपी आहे. पृष्ठभागापासून १ मीटरच्या आत पर्माफ्रॉस्ट लागला पाहिजे. गोठण्या-वितळण्याने जमीन घुसळलेली असेल तर २ मीटरपर्यंत सवलत. पर्माफ्रॉस्ट म्हणजे सलग दोन वर्षं किंवा जास्त काळ शून्य अंशाखाली राहिलेली जमीन. तिच्यात पाणी असायलाच हवं अशी अट नाही, आणि हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंच काही त्यावर उभं आहे.

आता तो खड्डा. मैत्री आहे शिर्माकर टेकड्यांवर. एका बाजूला खंडाची हिमचादर, दुसऱ्या बाजूला समुद्रावर तरंगणारा हिममंच, आणि मध्ये सुमारे ३५ चौरस किलोमीटरचा उघडा खडकाळ पट्टा. त्यात शंभराहून जास्त तळी. खडक बहुतेक नाइस, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला पट्टेदार खडक. माझ्या कामाची जागा एका उतरणीच्या सपाट खांद्यावर होती. वरून पाहिलं तर नुसते गोटे, एकमेकांना खेटून बसवलेले, कुणी फरशी घालावी तसे. बारीक कण वाऱ्याने उडून गेले, आणि वाऱ्याला उचलता येत नाहीत ते दगड मागे राहिले. मी एक तळहाताएवढा गोटा उचलला. वरची बाजू काळपट, वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेली. खालची बाजू फिकट, खरखरीत, आणि तिच्यावर पांढरी साय. मिठाची. त्याच्याखाली पिठासारखा मऊ थर, टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं असलेला, पावाच्या आतल्या भागासारखा. मग तपकिरी, रेवाळ, कोरडा थर. मुठीत धरला तर बोटांमधून वाहून जाणारा. आणखी खाली गेल्यावर हातोडीचा आवाज एकदम बदलला. तोवर खसखस चाललं होतं, आता टणत्कार आला आणि हातोडी उसळून परत आली. तिथे वाळू आणि गोटे बर्फाने सांधलेले होते, काँक्रीटसारखे. चार थर, चारांचा पोत वेगळा, रंग वेगळा. ही माती नाही असं म्हणायला माझ्याकडे काही कारण उरलं नाही.

उरला तो हा प्रश्न, की तिथे माती इतकी वेगळी का होते. उत्तर ‘थंडी’ असं कुणीही देईल, पण माझ्या मते थंडीपेक्षा पाण्याचा अभाव मोठा. त्यासाठी मुंबईकराला घरचंच उदाहरण पुरेल. मॅकमर्डो ड्राय व्हॅलीज हा ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतातला बर्फ नसलेला दऱ्यांचा प्रदेश. मी तिथे गेलेली नाही; तिथलं मातीचं काम मुख्यतः न्यूझीलंड आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी केलं आहे. त्या डोंगरांत फेरार डोलेराइट नावाचा काळा खडक आहे, वय सुमारे १८ कोटी वर्षं. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा तो चुलतभाऊ. मुख्य खनिजं तीच. आपला बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. आता कसारा घाटात रस्त्यासाठी कापलेली कड बघा. दगडाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले असतात, आत घट्ट गोळा आणि भोवती पिवळट मुरूम. फावड्याने ओढला तर निघतो. दगडाचा मुरूम आणि मुरमाची माती करणारं आपल्याकडचं पाणी बघा: मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ड्राय व्हॅलीजमध्ये वर्षभराचा सगळा हिमवर्षाव वितळवून मोजला तर कुठे ३ मिलिमीटर भरतो, कुठे फार तर ५०. त्यातलाही बराचसा वितळण्याआधीच सरळ वाफ होऊन जातो. म्हणून तिथला काळा दगड लाखो वर्षं पडून राहिला तरी मुरूम होत नाही. त्याला तांबूस-काळी झिलई चढते, वारा त्याचे पैलू पाडतो, मीठ त्याच्या अंगात शिरून त्याला पोखरतं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे पोखरलेले धोंडे शिर्माकरलाही दिसतात.

मिठाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण त्या मातीत वाचण्यासारखं सगळ्यात जास्त मिठातच आहे. आपल्या पावसाळी मातीत विरघळणारे क्षार वाहून जातात. तिथे वाहून न्यायला कुणी नाही, त्यामुळे आकाशातून जे पडेल ते साठत राहतं. क्लोराइड समुद्रावरून येतं. सल्फेटचा बराच भाग समुद्रातल्या जीवांनी सोडलेल्या गंधकी वायूंपासून बनतो. आणि खंडाच्या आत, उंचावर, नायट्रेट साठतं. ते वरच्या वातावरणात तयार होऊन हिमाबरोबर खाली येतं. नायट्रेट म्हणजे आपला सोरा. सोरा साठलेली माती म्हणजे तिथे फार फार काळ पाणी वाहिलेलं नाही, याचा जवळजवळ शिक्का. ड्राय व्हॅलीजमधल्या डॉन हुआन तळ्यात कॅल्शियम क्लोराइड इतकं आहे की तापमान उणे ५० अंशांच्या आसपास गेलं तरी ते गोठत नाही.

माझं जे म्हणणं आहे ते इथे येतं. ध्रुवीय डोंगरातल्या कुठल्याही ढिगाऱ्याला दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात. तुला इथे कुणी आणलं? आणि तू इथे कधीपासून पडून आहेस? पहिल्याचं उत्तर दगडगोट्यांच्या आकारात, जातीत आणि मांडणीत असतं. दुसऱ्याचं उत्तर त्यावर तयार झालेल्या मातीत असतं. प्रकल्पांत हे दोन प्रश्न एकत्र कालवले जातात आणि मग गोंधळ होतो. त्यात ‘माती नसतेच’ असं म्हटलं की दुसरा प्रश्न विचारायची सोयच राहत नाही.

दुसरा आधी घेते. न्यूझीलंडचे कॅम्पबेल आणि क्लॅरिज, आणि अमेरिकेचे बॉकहाइम यांनी अनेक वर्षं खड्डे खणून एक क्रम बसवला. नवा गाळ राखाडी असतो, त्याच्यात मीठ फक्त दगडांच्या पोटाला चिकटलेलं दिसतं. जुना होत गेला की वरचा थर पिवळट, मग तपकिरी, अतिजुना असेल तर तांबूस होतो, कारण लोहाची खनिजं हळूहळू गंजतात. हा रंग किती खोल उतरलाय ते मोजायचं. मीठही सरकतं. दगडाच्या पोटावरून ते मातीत ठिपक्यांनी येतं, ठिपक्यांचे डाग होतात, आणि शेवटी मिठाने सांधलेला सलग कडक थर बनतो. पृष्ठभागावरचे धोंडे झिजून कमी होत जातात. काही दगड जागच्या जागी इतके भुसभुशीत होतात की मातीत त्यांची फक्त बाह्याकृती उरते. इंग्रजीत त्यांना ‘भुतं’ म्हणतात. हात लावला की विस्कटतात. एकाच दरीत शेजारीशेजारी असलेल्या तीन हिमोढांवर, म्हणजे हिमनदीने टाकलेल्या ढिगांवर, असे खड्डे घेतले, तर कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा हे प्रयोगशाळेत न जाताही सांगता येतं. किती आधीचा, हे मात्र सांगता येत नाही. त्यासाठी धोंड्याच्या माथ्यावरचा तुकडा काढून त्यातलं बेरिलियम-१० मोजतात. अवकाशातून येणारे किरण क्वार्ट्‌झवर आदळून ते तयार होतं. जितका काळ धोंडा उघडा, तितकं ते जास्त. त्याचं अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षं आहे, त्यामुळे हे घड्याळ फार मागेपर्यंत चालतं. आपल्याकडे ही मोजणी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये होते.

आणखी एक घड्याळ आहे आणि ते मला फार आवडतं. स्नो पेट्रेल नावाचा पांढराशुभ्र समुद्रपक्षी किनाऱ्यापासून खूप आत, डोंगरांच्या कपारीत घरटं करतो. कुणी जवळ आलं की पोटातलं तेल थुंकतो. ते तेल कपारीच्या तोंडाशी थरावर थर साठून मेणासारखं घट्ट होतं. थंडीमुळे कुजत नाही. मैत्रीच्या आग्नेयेला असलेल्या डोंगरांत अशा थरांचं कार्बन-१४ वय हजारो वर्षांचं, काही ठिकाणी ३० हजारांच्या पुढचं आलं आहे. पक्षी बर्फाखाली घरटं करत नाही. म्हणजे ती कपार तेव्हापासून तरी उघडी आहे.

आता पहिला प्रश्न, कुणी आणलं. तुमच्या पाठ्यपुस्तकात हिमनदीच्या गाळाची खूण अशी दिलेली असेल: बारीक पिठापासून घराएवढ्या धोंड्यापर्यंत सगळं एकत्र, थर नाहीत, गोट्यांना सपाट पैलू आणि त्यांवर ओरखडे. शास्त्रीय भाषेत याला टिल म्हणतात. हे वर्णन आल्प्सला लागू पडतं, हिमालयातही बऱ्यापैकी लागू पडतं. ध्रुवीय डोंगरात मात्र ते फसवतं, आणि बहुतेक विद्यार्थी इथेच अडकतात.

कारण असं. हिमनदीचा तळ ओला असेल, म्हणजे दाबामुळे आणि जमिनीतल्या उष्णतेमुळे तळाचा बर्फ वितळण्याच्या बिंदूवर असेल, तर ती खडकावरून घसरते. तळात अडकलेले दगड खडकावर घासतात, स्वतः झिजतात, पीठ होतं, ओरखडे पडतात. पण अतिथंड जागी पातळ हिमनदीचा तळ खडकाला गोठून चिकटलेला असतो. ती तळाशी जवळजवळ घसरत नाही. बर्फ आतल्या आत वाकून सरकतो. तिच्या अंगावर वरच्या कड्यांतून पडलेले दगड ती तसेच वाहून नेते आणि बर्फाची वाफ झाली की तिथेच ठेवते. त्यामुळे दगड कोनदार राहतात, ओरखडे नसतात, पीठही फारसं नसतं. दिसायला थेट दरडीचा ढीग. इतकंच नाही, खालची जुनी माती, तिच्यावरची गोट्यांची फरशी, सगळं न विस्कटता ती त्यावरून निघून गेलेली असू शकते. ड्राय व्हॅलीजमध्ये जुन्या मातीवर नवा गाळ अलगद पांघरलेला सापडतो.

मग ओळखायचं कशावरून? मी स्वतः या क्रमाने जाते. आधी मान वर करून कडा बघायचा. ढिगातला प्रत्येक दगड वरच्या कड्याच्याच जातीचा असेल तर संशय दरडीवर. वालुकाश्माच्या कड्याखाली ग्रॅनाइटचे धोंडे पडले असतील तर ते कुणीतरी दुरून आणले आहेत, आणि तिथे असे धोंडे वाहून आणणारी नदी नाही, त्यामुळे आणणारा बहुधा बर्फच. मग आकार. दरडीचा ढीग पंख्यासारखा पसरतो, साधारण ३० ते ३५ अंशांच्या उताराने, आणि मोठे धोंडे सगळ्यात खाली गडगडत गेलेले असतात. हिमोढ बांधासारखा असतो, डोंगराच्या उताराला आडवा, दरीच्या कडेने लांबवर एकाच संथ चढाने जाणारा; वरून येणाऱ्या घळींशी त्याचं काही देणंघेणं नसतं. कित्येकदा तो बांधही नसतो. डोंगराच्या अंगावर एक रेषा असते, जिच्याखाली परके धोंडे विखुरलेले आणि वर एकही नाही. ती रेषा म्हणजे बर्फाची जुनी पातळी. या रेषा दुर्बिणीतून समोरच्या उतारावरून जास्त चांगल्या दिसतात, अंगावर उभं राहून नाही. तिसरं, लांबट गोट्यांची दिशा. ५० गोटे घ्यायचे, होकायंत्राने प्रत्येकाचा लांब अक्ष कुठे रोखलाय आणि किती कललाय ते लिहायचं. तळाच्या टिलमध्ये बहुतेक गोटे बर्फाच्या वाटेला समांतर लागतात. कंटाळवाणं काम आहे, बोटं बधिर होतात, पण याला पर्याय नाही.

ओरखड्यांबद्दल एक सावधगिरी. लडाखच्या रस्त्याकडेला एकदा एका हुशार मुलाने मला अगदी आनंदाने ओरखडे पडलेला गोटा आणून दाखवला. ते जेसीबीच्या दातांचे होते. हिमनदीचे ओरखडे बहुधा एकापेक्षा जास्त दिशांना, एकमेकांना छेदणारे, आणि दगडाच्या बाकीच्या पृष्ठभागाइतकेच जुनाट दिसणारे असतात. यंत्राचे ताजे, पांढरट आणि रुंद.

गोठण-वितळणीने जमीन स्वतःच नक्षी काढते, तीही हिमनदीच्या नावावर खपवू नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोठणारा थर खालचं पाणी स्वतःकडे ओढून बर्फाच्या चकत्या बनवतो. वर्षानुवर्षं हे झालं की दगड वर येतात, बाजूला सरतात आणि कडी तयार होतात. नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर नी-ऑलेसुंडला भारताचं हिमाद्री केंद्र २००८ पासून आहे; तिथून जवळच क्वाडेहुक नावाच्या किनारी सपाटीवर अशी दगडांची गोल कडी आहेत, काही मीटर व्यासाची, माणसाने रचावीत इतकी नेटकी. त्यासाठी ओलावा लागतो. कोरड्या अंटार्क्टिकात अशी कडी विरळा. तिथे थंडीने आकसून जमिनीला भेगा पडतात, भेगांत वाळू भरते आणि वरून बहुकोनी फरशा दिसतात.

दोन्ही प्रश्न एकत्र विचारले की काय हाती लागतं, त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण देते. ड्राय व्हॅलीजमधल्या बीकन व्हॅलीत एक मीटरहून पातळ ढिगाऱ्याखाली हिमनदीचा बर्फ आहे. त्या ढिगाऱ्यातल्या भेगेत ज्वालामुखीची राख सापडली, वय ८१ लाख वर्षं. १९९५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. राख न हलता तिथेच पडली असेल तर खालचा बर्फ त्याहून जुना, आणि ती दरी तेव्हापासून आजच्यासारखीच थंड आणि कोरडी. त्याच पर्वतरांगेत दक्षिणेकडे, बियर्डमोर हिमनदीच्या परिसरात, दक्षिण ध्रुवापासून सुमारे ५०० किलोमीटरवर, सिरियस नावाच्या जुन्या हिमनदीच्या गाळात दक्षिणी बीच नावाच्या झाडाच्या खुजट प्रकाराच्या काटक्या आणि पानं मिळाली, जुन्या मातीचे थर मिळाले. म्हणजे कधीतरी तिथे झुडपं वाढत होती. कधी, यावर १९८० च्या दशकापासून भांडण आहे. गाळात समुद्री डायाटम, म्हणजे काचेसारख्या कवचाची सूक्ष्म शैवालं, मिळाले, ते सुमारे ३० लाख वर्षांपूर्वीचे, म्हणून एक गट म्हणाला की पूर्व अंटार्क्टिकाची हिमचादर तेव्हा मोठ्या प्रमाणात वितळली होती. दुसरा गट म्हणाला, डायाटम वाऱ्याने उडून आले. गाळ त्याहून कितीतरी जुना आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, आणि तो मातीमुळे आहे. त्या पर्वतात उंचावर इतकी जुनी, कोरडी, सोऱ्याने भरलेली माती शाबूत आहे की मध्येच एवढी ऊब आली असती तर ते क्षार टिकले नसते. हिमचादर किती स्थिर आहे हा प्रश्न आज समुद्राच्या पातळीचा आहे, आणि समुद्राला लागून राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो परका नाही.

तिसऱ्या प्रश्नाकडे येते. मुंबईत काय करता येईल? बरंच.

पहिलं, कान्हेरी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात लेण्यांकडे जाल तेव्हा मूर्तींबरोबर भिंतींचा दगडही बघा. तो ज्वालामुखी ब्रेसिया आहे, लहानमोठे कोनदार तुकडे बारीक द्रव्यात अडकलेले, थर नाहीत. नुसत्या नजरेला टिलच. मी विद्यार्थ्यांना तिथे उभं करून विचारते, हा हिमनदीचा गाळ का नाही, सिद्ध करा. तुकडे एकाच कुळातले ज्वालामुखी खडक आहेत, परका दगड नाही, पैलू नाहीत, अडकवणारं द्रव्य राखेचं आहे. हे तिथे स्वतःच्या तोंडाने सांगता आलं की मिश्र ढिगाऱ्याला लगेच ‘टिल’ म्हणायची सवय सुटते. तिथे हातोडी अर्थातच चालवायची नाही, नख सुद्धा लावायचं नाही. भिंगाने बघा.

दुसरं, घरच्या घरी. तीन बरण्या घ्या. एकीत जुहूची वाळू, दुसरीत बांधकामावरचा मुरूम, तिसरीत कुंडीतली माती. पाणी घालून हलवा, ठेवून द्या, दुसऱ्या दिवशी थर मोजपट्टीने मोजा. जुहूच्या बरणीत जवळजवळ सगळं एकाच मापाचं बसेल, कारण लाटांनी ते आधीच चाळलंय. मुरमाच्या बरणीत खडीपासून गढूळ पाण्यापर्यंत सगळं. बर्फ चाळत नाही, वाऱ्यापाण्याला चाळल्याशिवाय राहवत नाही. टिलमधल्या कणांच्या मापांचा आलेख इतका पसरट का येतो ते या बरण्यांपाशी समजतं. नंतर तिन्हींच्या पाण्याची विद्युत वाहकता मोजा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मीटर असतो. क्षार मोजायची हीच पद्धत आम्ही तिकडेही वापरतो, एक भाग माती आणि पाच भाग पाणी.

खड्डा खणायची वेळ कधी आली, तर भरण्याची शिस्त आत्तापासून लावून घ्या. अंटार्क्टिकात १९९१ चा पर्यावरण संरक्षण करार आणि आपला २०२२ चा कायदा दोन्ही लागू आहेत, नमुने परवानगीशिवाय घेता येत नाहीत, आणि जाण्याआधी बुटांच्या खाचा आणि खिशांच्या शिवणी साफ कराव्या लागतात, एखादं बी जाऊ नये म्हणून. पण कायद्यापेक्षा मला ती गोट्यांची फरशी आठवते. थर ज्या क्रमाने काढले त्याच्या उलट क्रमाने भरायचे, आणि शेवटी गोटे काळी बाजू वर करून बसवायचे. मी पहिल्या खड्ड्यात घाई केली, दोनतीन गोटे पालथे राहिले, आणि माझ्याबरोबरच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी काही न बोलता गुडघे टेकून ते सरळ केले. कोरड्या मातीवर बुटाचा ठसासुद्धा वर्षानुवर्षं राहतो. पालथा गोटा तर किती काळ पांढरा चमकत राहील.

आणि तिसरं, हिमनदी खरंच बघायची असेल तर अंटार्क्टिकाचं तिकीट लागत नाही. चंद्रपूरला जा. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत आणि अंटार्क्टिका गोंडवन भूमीत एकमेकांना जोडलेले होते आणि दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होते. तेव्हाच्या हिमनद्यांचा गाळ म्हणजे तालचेर गोलाश्म थर. ओडिशातल्या तालचेरला १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड आणि सहकाऱ्यांनी तो हिमनदीचा म्हणून ओळखला, आणि १८७० च्या दशकात फेडन यांना चंद्रपूरजवळ इरई इथे त्या थराखालच्या चुनखडकावर हिमनदीचे ओरखडे सापडले. महाराष्ट्रातल्या खडकावर, ओल्या तळाच्या हिमनदीने ओढलेल्या रेघा. पुढे त्याच भूमीवर ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडं वाढली, ज्यांची पानं आपल्या नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत सापडतात. ब्रिटिश शोधप्रवासी रॉबर्ट स्कॉटच्या तुकडीने फेब्रुवारी १९१२ मध्ये ध्रुवावरून परतताना बियर्डमोर हिमनदीच्या काठी, माउंट बकलेच्या पायथ्याच्या हिमोढातून जे खडक गोळा केले, त्यांत हीच पानं होती. ती माणसं परत आली नाहीत. त्यांच्या शेवटच्या तंबूत सुमारे १६ किलो दगड मिळाले.

इरईला जाल तर हिवाळ्यात जा आणि दुपार टाळा. ऊन कललेलं असताना, सकाळी लवकर किंवा चारनंतर, रेघा सावलीने उठून दिसतात. खडकावर धूळ असेल तर मऊ ब्रशने झाडा, बाटलीतलं पाणी थोडं ओता आणि अंगठा रेघेच्या दिशेने फिरवा. एका बाजूने गुळगुळीत लागेल, उलट फिरवलात तर किंचित अडेल. कुठल्या बाजूने अडतं ते वहीत लिहा, होकायंत्र लावून दिशा घ्या, किमान २० ठिकाणी. बर्फ कुठून कुठे गेला, ते त्या २० आकड्यांवरून तुमचं तुम्हाला काढता येईल.